'आय एन्जॉय टू रीड' : वर्कशीटवर सुधारतं, बोलताना परत येतं, तेव्हा काय करायचं

इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. 'एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे आयएनजी' असं फळ्यावर लिहून दिलं, मुलांनी वहीत उतरवलं, वर्कशीटवर दहापैकी नऊ बरोबर आले. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला विचारलं, रिकाम्या वेळात काय करतेस? उत्तर येतं, 'आय एन्जॉय टू लिसन म्युझिक.' एन्जॉयपुढे नको असलेला 'टू' आला आणि लिसनपुढे हवा असलेला गेला.

नागपुरात मी स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस घेते. शाळेतली मुलं, इंजिनिअरिंगची मुलं, मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी लागलेली किंवा लागावी म्हणून धडपडणारी तरुण मंडळी, आणि मुलांच्या शाळेत पालकसभेला इंग्रजीत बोलता यावं म्हणून येणाऱ्या आया, असा सगळा मेळ असतो. वय वेगळं, शिक्षण वेगळं, पण जिरंड ('रीडिंग'सारखं आयएनजीचं रूप) आणि इन्फिनिटिव्ह ('टू रीड'सारखं टूचं रूप) यांच्या चुका मात्र सगळ्यांच्या सारख्या. सगळ्यांची चूक एकाच जागी होत असेल तर ती निष्काळजीपणाची नसते. तिला एक ठरलेलं कारण असतं, आणि ते कारण हाताला लागलं की दुरुस्तीही होते.

यादी का पुरत नाही

क्लासमध्ये, शाळेत, गाइडमध्ये सगळीकडे हा विषय तीन रकान्यांत शिकवला जातो. पहिल्यात जिरंड घेणारी क्रियापदं, दुसऱ्यात इन्फिनिटिव्ह घेणारी, तिसऱ्यात दोन्ही चालणारी. यादी खोटी नाही, माझ्याकडेही आहे. पण बोलणारं माणूस बोलताना यादी उघडत नाही, ते मनात तयार झालेलं आपल्या भाषेतलं वाक्य उचलतं आणि इंग्रजीत ठेवतं. म्हणून मनात नेमकं कोणतं वाक्य होतं, हे आधी बघायला हवं.

मराठीत आपण म्हणतो: वाचायला आवडतं, वाचायला शिकलो, वाचायला विसरलो, वाचायला लागलो, वाचायला सांगितलं. सगळीकडे '-ायला'. आता इंग्रजी बघा: लर्न टू रीड, फरगेट टू रीड, बिगिन टू रीड, टोल्ड मी टू रीड. '-ायला'च्या जागी 'टू' ठेवलं की पाचांपैकी चार वाक्यं बरोबर येतात! मुलांनी हा नियम स्वतःच शोधून काढलेला असतो, कुणी शिकवलेला नसतो, आणि तो बहुतेक वेळा चालतो. जो नियम इतक्या वेळा साथ देतो तो एका वर्कशीटने कसा सुटेल? 'एन्जॉय'पाशी तो फसतो, एवढंच.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. घरी वऱ्हाडी, रस्त्यावर आणि मित्रांत हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. 'मॅडम, मले तं वाचाले आवडते' म्हणणाऱ्या मुलाच्या 'ले'चाही 'टू'च होतो. पण 'वाचायला सांगितलं' हे हिंदीत विचार करणाऱ्याच्या तोंडी 'पढ़ने के लिए कहा' असतं, त्यातून 'फॉर रीडिंग' निघतं. म्हणजे एकाच बाकावरची दोन मुलं एकाच प्रश्नाला दोन वेगळ्या चुका करतात, आणि दोघांना एकच यादी दिली जाते.

आधी निदान

चूक ऐकली की लगेच दुरुस्त करू नका. विचारा, 'हे तुला मराठीत कसं म्हणायचं होतं?' किंवा 'हिंदीत सोचा क्या?' मूल जे वाक्य सांगेल ते फळ्यावर लिहा, खाली त्याचं इंग्रजी वाक्य लिहा आणि क्रियापदाचा शेवट अधोरेखित करा. '-ायला', '-साठी', '-ायला लावलं', '-ावं असं', जे असेल ते. दोन-चार तासांत प्रत्येकाची मुख्य चूक कुठून येते ते दिसायला लागतं. मी प्रत्येकाच्या वहीचं शेवटचं पान यासाठी राखून ठेवते: डावीकडे मनातलं वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी. त्या पानावर नियम एकही नसतो.

हे करायला वेळ लागतो, पोर्शन मागे पडतो, हे मला माहीत आहे. तरी करा. यादी तीनदा शिकवण्यापेक्षा हा वेळ कमीच आहे.

'एन्जॉय'चा गट

इथे पाठांतराला पर्याय नाही, पण पाठ करायचं ते क्रियापद एकटं नको. 'माइंड' असं एकटं लक्षात ठेवलं तर बोलताना त्याच्यापुढे 'टू' येणारच. 'माइंड वेटिंग', 'फिनिश ईटिंग', 'कीप वॉकिंग', 'अव्हॉइड गोइंग', 'मिस लिव्हिंग', 'प्रॅक्टिस स्पीकिंग' अशा जोड्या एका दमात म्हणायला लावायच्या, मध्ये थांबायचं नाही. बोलण्यासाठी अशा आठ-दहा जोड्या पुष्कळ झाल्या. 'रिझेंट' आणि 'अब्हॉर' परीक्षेच्या आधी बघता येतील.

मग त्या जोड्या इथल्या आयुष्यात आणायच्या. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा 'अव्हॉइड'साठी उदाहरण शोधावं लागत नाही: 'वी अव्हॉइड गोइंग आउट इन द आफ्टरनून.' एकाने म्हणायचं, 'आय अव्हॉइड ड्रायव्हिंग थ्रू सीताबर्डी इन द इव्हनिंग.' पुढच्याने त्याचं वाक्य 'ही अव्हॉइड्स' करून पुन्हा म्हणायचं आणि आपलं जोडायचं, 'बट आय एन्जॉय वॉकिंग देअर.' साखळी वर्गभर फिरू द्यायची. चौथ्या-पाचव्या मुलापर्यंत 'अव्हॉइड'च्या पुढे 'टू' यायचा थांबतो, कारण कानाने जोडी पकडलेली असते.

एक आणखी: प्रश्न विचारताना तुम्हीच आयएनजी वापरा. 'व्हॉट डू यू डू?' असं विचारलं की उत्तर मुलाच्या मनातल्या मराठीतून येतं. 'व्हॉट डू यू एन्जॉय डूइंग?' असं विचारलं की निम्मं उत्तर प्रश्नातच असतं.

जिथे मराठी स्वतः उत्तर देते

स्टॉप, रिमेंबर, फरगेट, ट्राय. यांच्यापुढे दोन्ही रूपं येतात आणि अर्थ बदलतो, म्हणून शिक्षक हा भाग शेवटी, घाईघाईत आणि 'हे अवघड आहे हं' अशी आधीच धास्ती घालून शिकवतात. मला तर हा सगळ्यात सोपा भाग वाटतो. जो फरक इंग्रजी इथे करते तोच फरक मराठी रोज करते, आणि आपली मुलं तो कधी चुकत नाहीत.

स्टॉप घ्या. 'आम्ही तर्री पोहे खायला थांबलो' आणि 'आम्ही तर्री पोहे खाणं बंद केलं'. या दोन वाक्यांत नागपूरच्या एकाही मुलाचा गोंधळ होणार नाही. पहिल्यात गाडी थांबली आणि पोहे पोटात गेले: 'वी स्टॉप्ड टू ईट तर्री पोहे.' दुसऱ्यात पोहे सुटले, बहुधा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून: 'वी स्टॉप्ड ईटिंग तर्री पोहे.' मुलांना एवढंच विचारायचं, 'थांबलो' म्हणायचंय की 'बंद केलं'? थांबलो तर टू, बंद केलं तर आयएनजी. 'सर आले आणि आम्ही बोलणं बंद केलं' याचं इंग्रजी मग कुणी 'वी स्टॉप्ड टू टॉक' करत नाही.

रिमेंबर आणि फरगेटसाठी मी कूलर वापरते, कारण मार्च संपला की इथे घरोघरी तोच विषय असतो. 'कूलरमध्ये पाणी टाकायला विसरू नको' आणि 'कूलरमध्ये पाणी टाकल्याचं मला आठवतंय'. फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि मुलांना फक्त बघू द्या. 'टाकायला'मधलं काम अजून व्हायचंय. 'टाकल्याचं'मधलं झालंय, त्यातला 'ल'च ते सांगतो. 'रिमेंबर टू फिल द कूलर.' 'आय रिमेंबर फिलिंग द कूलर.' मनातल्या शब्दात तो झालेल्या कामाचा 'ल' असेल तर आयएनजी, '-ायला' किंवा '-ायचं' असेल तर टू. 'दाराला कुलूप लावल्याचं आठवतं', 'तुम्हाला कुठेतरी भेटल्याचं आठवतं', 'फी भरल्याचं आठवतं', अशी पाच-सहा वाक्यं तोंडी करून घेतली की हा भाग पक्का बसतो.

फरगेटमध्ये एक बारकावा आहे. 'फरगेट'पुढे आयएनजी बहुतेक वेळा नकारी वाक्यात येतं: 'आय विल नेव्हर फरगेट सीइंग अ टायगर इन ताडोबा.' ताडोबात वाघ पाहिलेला मी कधीच विसरणार नाही. इथेही 'पाहिलेला'त तो 'ल' आहेच. 'पाणी टाकल्याचं विसरलो आणि पुन्हा टाकलं' असं सांगायचं असेल तर 'आय फरगॉट दॅट आय हॅड फिल्ड इट' हे सरळ पडतं, तेच शिकवा.

ट्राय तर आणखी सुंदर आहे. मराठीत 'करायचा प्रयत्न करणं' वेगळं आणि 'करून बघणं' वेगळं. कूलर गार हवा देत नाहीये? पंप साफ करून बघ. खसच्या ताट्या बदलून बघ. खिडकी थोडी उघडून बघ, बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा करतो. 'ट्राय क्लीनिंग द पंप. ट्राय चेंजिंग द पॅड्स. ट्राय ओपनिंग अ विंडो.' प्रत्येक 'करून बघ'चं आयएनजी झालं. आणि 'खिडकी उघडायचा प्रयत्न केला, पण ती जाम झाली होती': 'आय ट्राइड टू ओपन द विंडो, बट इट वॉज स्टक.' मिहानमधल्या कस्टमर सपोर्टच्या मुलांना हे फार उपयोगी पडतं, कारण त्यांचं सगळं कामच 'रीस्टार्ट करून बघा, केबल काढून बघा' असं असतं. बोलण्यात 'ट्राय टू रीस्टार्ट' म्हटलं तरी समोरच्याला कळतं, त्यासाठी कुणाला अडवू नका. पण फरक दाखवा, मुलांना तो मनापासून आवडतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये असं मांडलं होतं की जिरंडमध्ये प्रत्यक्षात असलेल्या, घडलेल्या गोष्टीकडे कल असतो आणि इन्फिनिटिव्हमध्ये संभाव्य, पुढच्या गोष्टीकडे. वरच्या चारही क्रियापदांना हे छान लागू पडतं. काही शिक्षक मात्र हाच एक नियम सगळ्या यादीला लावतात आणि तिथे तो टिकत नाही. 'सजेस्ट', 'पोस्टपोन', 'कन्सिडर' यांच्यात गोष्ट पुढची असूनही आयएनजी येतं, 'मॅनेज'मध्ये काम झालेलं असूनही टू येतं. एकाच क्रियापदापुढे दोन्ही रूपं येत असतील तेव्हा हा विचार वापरा, बाकीच्या ठिकाणी जोड्या पाठ करा.

जो 'टू' इन्फिनिटिव्हचा नाही

'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' नोकरीच्या प्रत्येक ईमेलच्या शेवटी हे असतं. इथे चूक जास्त शिकल्यामुळे होते: 'टू'पुढे व्ही-वन, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, हे इतकं घोटवलेलं असतं की मुलं 'टू' दिसला की व्ही-वन लावतात. पण हा 'टू' इन, ऑन, ॲट, ऑफ यांच्या जातीचा आहे, आणि त्या जातीनंतर क्रियापद येतं ते व्ही-फोरमध्येच, म्हणजे आयएनजी लावून.

ओळखायचा उपाय सोपा आहे. 'टू'पुढे 'इट' ('ते' या अर्थाचं, खाण्याचं 'ईट' नव्हे) ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट', चाललं. म्हणजे 'टू मीटिंग यू'. 'आय ऑब्जेक्ट टू इट', चाललं. म्हणजे 'ऑब्जेक्ट टू पेइंग एक्स्ट्रा'. 'आय वॉन्ट टू इट', नाही चाललं. म्हणजे 'वॉन्ट टू गो'.

यात 'यूज्ड टू' सगळ्यांना छळतं, कारण त्याची दोन कामं आहेत. 'मला उन्हात काम करायची सवय आहे' हे 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द हीट'. 'मी पूर्वी वर्ध्याला राहायचो' हे 'आय यूज्ड टू लिव्ह इन वर्धा'. मराठीत 'सवय आहे' आलं की ॲम-इज-आर आणि आयएनजी दोन्ही येणार, 'राहायचो, जायचो, खेळायचो' आलं की दोन्ही नाही. 'राहायचो'ची दहा वाक्यं आजीआजोबांच्या जुन्या नागपूरवर करून घ्या, वर्ग आपोआप बोलका होतो.

'-साठी'चा 'फॉर'

'आय हॅव कम टू नागपूर फॉर लर्निंग इंग्लिश.' गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून आलेली मुलं पहिल्या दिवशी ओळख करून देताना हेच म्हणतात. 'शिकण्यासाठी'तल्या 'साठी'चा 'फॉर' झाला. माणूस कशासाठी काय करतो हे सांगायचं असेल तर 'टू लर्न'. वस्तू कशासाठी वापरतात हे सांगायचं असेल तर 'फॉर' आणि आयएनजी: 'दिस पंप इज फॉर लिफ्टिंग वॉटर.' 'थँक यू फॉर कमिंग'मधला 'फॉर' मात्र 'आल्याबद्दल'चा आहे, '-साठी'चा नाही, आणि 'आल्या'त परत तोच झालेल्या कामाचा 'ल' दिसतो.

माणसं मध्ये आली की

'आईने मला जेवायला लावलं' याचं 'माय मदर मेड मी टू ईट' होतं. 'मेक'पुढे माणूस आणि मग नुसतं व्ही-वन: 'मेड मी ईट'. गंमत अशी की 'आईने मला जाऊ दिलं'चं 'लेट मी गो' मुलं फारशी चुकत नाहीत, कारण 'जाऊ'त '-ायला' नाही. ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की चुकीचा उगम मुलांना स्वतःलाच दिसतो. पॅसिव्हमध्ये 'टू' परत येतो, 'आय वॉज मेड टू वेट', पण ते दहावी-बारावीच्या मुलांपुरतंच ठेवा.

'सरांनी मला सिव्हिल घ्यायला सुचवलं' याचं 'सर सजेस्टेड मी टू टेक सिव्हिल' होतं. हे 'सजेस्ट' फार चिवट आहे, चांगलं इंग्रजी बोलणारेही इथे चुकतात. 'सजेस्ट'ला 'मी टू' चालत नाही. 'सजेस्टेड टेकिंग सिव्हिल' किंवा 'सजेस्टेड दॅट आय शुड टेक सिव्हिल' हे बरोबर. पण कच्च्या विद्यार्थ्याला मी सरळ क्रियापदच बदलून देते: 'सर ॲडव्हाइज्ड मी टू टेक सिव्हिल.' मनातलं मराठी वाक्य न मोडता बरोबर इंग्रजी मिळतं.

'मी डॉक्टर व्हावं असं पप्पांना वाटतं' यातून 'पप्पा वॉन्ट्स दॅट आय शुड बिकम अ डॉक्टर' निघतं. 'पप्पा वॉन्ट्स मी टू बिकम अ डॉक्टर' हे वाक्य प्रत्येकाने आपल्या घरच्यांबद्दल एकदा म्हणायचं. अपेक्षांचा विषय असल्यामुळे मुलं खूप बोलतात, कधीकधी डोळ्यात पाणीही येतं. तेव्हा व्याकरण बाजूला ठेवा आणि ऐका, ते वाक्य नंतर कायम लक्षात राहतं.

जे चूक नाही त्याला चूक म्हणू नका

'आय लाइक टू स्विम' कापून 'स्विमिंग' करणारे शिक्षक मी पाहते, आणि मला वाईट वाटतं. लाइक, लव्ह, हेट, बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांच्यापुढे दोन्ही चालतं. 'वुड लाइक' असेल तर मात्र टूच. 'इट इज बिगिनिंग टू रेन' म्हणावं, 'बिगिनिंग रेनिंग' नाही, कारण एकामागे एक दोन आयएनजी कानाला खटकतात. एवढं सांगितलं की हा रकाना संपला. बरोबर उत्तरावर लाल शाई पडली की मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जातो, आणि बोलण्यासाठी तोच विश्वास लागतो.

परीक्षेत 'जिरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न येतो. 'टू स्विम इज गुड एक्सरसाइझ'चं 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइझ' करता येणं हे मार्कांसाठी हवंच, त्याचा वेगळा तास घ्या. पण तिथे पूर्ण मार्क मिळाले म्हणून बोलणं सुधारलं असं धरू नका, आणि तिथे मार्क गेले म्हणून मुलाला बोलता येत नाही असंही नाही.

सुधारलं का, हे कसं कळेल

वर्कशीटवर कळणार नाही. आठवड्याभराने, जिरंडचं नाव न काढता, मुलाला त्याच्या आवडीच्या विषयावर दोन मिनिटं बोलू द्या. क्रिकेट, मारबतीची मिरवणूक, नवीन फोन, काहीही. बोलण्यात जीव आला की जुनी चूक असेल तर ती वर येते. आली तर वहीचं शेवटचं पान उघडा, मनातलं वाक्य पुन्हा विचारा आणि तीच जोडी तीन-चारदा म्हणून घ्या. नवीन नियम सांगू नका.

या उपायाचा एक परिणाम आधीच सांगते, नाहीतर घाबराल. दोन-तीन आठवडे आयएनजीवर काम झालं की काही मुलं 'आय वॉन्ट गोइंग', 'आय डिसाइडेड बाइंग' म्हणायला लागतात. हे चांगलं लक्षण आहे. '-ायला म्हणजे टू' ही जुनी पकड सैल झाली आणि मूल आता निवड करायला लागलं. लगेच टोकू नका, बहुतेकांचं आपोआप जागेवर येतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं तर 'वॉन्ट टू, डिसाइड टू, होप टू, प्लॅन टू, प्रॉमिस टू, रिफ्यूज टू' या सहा जोड्यांची साखळी एक तास फिरवा, विषय 'पुढच्या वर्षी मी काय करणार' हा ठेवा.